चोर सोडून संन्याशाला फाशी

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की घरोघरी एकच निदान होतं: रॅम भरलीय. निदान झालं की औषधंही ठरलेली. फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, नाहीतर कसलासा क्लीनर टाका. भाचा हेच सांगतो, ऑफिसातला मित्र हेच सांगतो, दुकानदार तर सांगतोच. रॅम खातंय कोण, हे बघायचं मात्र कुणाला सुचत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

एरवी हे खपून गेलं असतं. रॅम स्वस्त होती, उगाच घेतली गेली तरी फार बिघडत नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रूशिअल' ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून आज जो कुणी मशीन न बघताच 'आठ जीबी टाकून घ्या' म्हणतो, तो तुमच्या खिशात हात घालतोय. त्याला आधी बघायला लावा.

बघायचं कुठे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून हे हत्यार विंडोजमध्ये आयतं मिळतंय. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी'वर टिचकी मारा. सगळे जण टक्का बघतात आणि घाबरतात. टक्का सोडा. खालचे आकडे वाचा: 'इन यूज', 'अव्हेलेबल', 'कमिटेड', 'कॅश्ड', 'पेज्ड पूल' आणि 'नॉन-पेज्ड पूल'. सगळी हकिगत या आकड्यांत आहे, आणि ती वाचायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

यातला 'कॅश्ड' बिचारा निरपराध. नुकत्याच उघडलेल्या फायली आणि वारंवार लागणारे प्रोग्राम विंडोज रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं, पुन्हा मागितले की झटकन देता यावेत म्हणून. लागणार काय याचा अंदाज बांधून ते आधीच आणून ठेवायची सोय २००७ साली व्हिस्टाबरोबर 'सुपरफेच' नावाने आली. आज तिचं नाव 'सिसमेन'. दुसऱ्या प्रोग्रामला जागा हवी झाली की अशी ठेवलेली जागा लगेच सोडली जाते, म्हणून तर ती 'अव्हेलेबल'मध्ये धरलेली असते. तरीही रिसोर्स मॉनिटरच्या रंगीत पट्टीवर 'फ्री'पुढे वीस-तीस एमबी दिसले की लोक हादरतात आणि कुठलातरी व्हिडिओ बघून सिसमेन बंद करून टाकतात. रिकामी पडलेली रॅम कुणाच्या काय कामाची? पैसे मोजून घेतलीय, ती राबलेलीच बरी.

लिनक्सवर तोच घोळ. तिथे 'फ्री' ही कमांड चालवली की पहिली नजर 'फ्री' याच रकान्यावर जाते, आणि बघायचा असतो तो 'अव्हेलेबल'चा. ॲपलने हा प्रश्न डोकं लावून सोडवला. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅकवर 'मेमरी प्रेशर' नावाचा आलेख आहे: हिरवा, पिवळा, लाल. रॅम किती भरली यापेक्षा मशीन तिच्यासाठी किती झगडतंय, ते तो दाखवतो. घरातल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. मायक्रोसॉफ्टने मात्र इतक्या वर्षांत टक्क्याच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही, आणि त्या टक्क्यावर किती दुकानं चालतात हे आपण बघतोच.

मग खरं दुखणं ओळखायचं कसं? काही उघडलेलं नसताना आठ जीबीच्या मशिनवर विंडोज ११ ने तीन-चार जीबी घेणं नेहमीचं आहे. सोळा जीबी असतील तर ते आणखी घेईल, कारण समोर आहे. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते 'अव्हेलेबल' शे-दोनशे एमबीवर येतं तेव्हा. मग विंडोज रॅममधली पानं डिस्कवरच्या पेज फायलीत ढकलायला लागतं आणि लागतील तशी परत ओढतं. रॅममधून एखादी गोष्ट काढायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच आणायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे लाखपट. एसएसडी असली तरी हजारपट फरक राहतोच. माउसचा बाण अडकत अडकत सरकतो आणि डिस्कचा दिवा विझता विझत नाही, ते यामुळे. अशा वेळी मेमरीवर संशय घ्यायला जागा आहे. नुसता टक्का मोठा दिसतोय आणि मशीन सुरळीत चालतंय, तर कॉम्प्युटरला हात लावू नका.

संशय घ्यायचा तर पहिला नंबर ब्राउझरचा, यात वाद नाही. पण तो एवढं का खातो हे समजून घ्या, नाहीतर भलतंच काहीतरी बंद कराल. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आलं ते टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बसवूनच. एक पान कोसळलं तर बाकीची शाबूत राहावीत, हा हेतू. मग जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' जाहीर झालं: प्रोसेसरच्या रचनेतच असलेला दोष, ज्यामुळे एका साइटला दुसऱ्या साइटची गुपितं चोरून वाचता येण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली, आणि त्यापायी दहा ते तेरा टक्के मेमरी जास्त लागेल हे गूगलने स्वतःच सांगून टाकलं. तुमच्या बँकेचं पान आणि शेजारच्या टॅबमधलं फुकट सिनेमांचं पान यांच्यामध्ये ही भिंत आहे. मेमरी वाचवायला ती पाडा असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचं ऐकू नका.

भिंत राहू द्या आणि बाकीचा पसारा आवरा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कुठला टॅब किती खातोय, कुठलं एक्स्टेंशन किती खातंय, सगळं नावानिशी. बातम्यांच्या साइटचा एखादाच टॅब, ज्यात चार जाहिराती आपोआप चालू होतात, काहीशे एमबी सहज गिळतो. मजकूर वाचायला दोन मिनिटांचा. मराठी वाचकाच्या मशिनवर हा भार टाकणाऱ्या संपादकांनी आणि जाहिरात विभागांनी आपलं पान एकदा चार जीबीच्या लॅपटॉपवर उघडून बघावं. मालकांच्या केबिनमधल्या यंत्रावर नाही, वाचकाच्या घरातल्या.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवून ठेवतो. तिथेच 'सिस्टिम'खाली, क्रोम बंद केल्यावरही त्याची कामं मागे चालू ठेवायची मुभा आहे. ती काढून घ्या. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आहे. तुम्ही एज कधीच उघडत नसाल तर त्याने कॉम्प्युटर सुरू होताच येऊन बसायचं कारण नाही.

ब्राउझर बंद केला म्हणजे ब्राउझर संपला, असंही नाही. संताप येतो तो इथे. कॉम्प्युटरवरची निम्मी ॲप्स आज आतून ब्राउझरच असतात. २०१३ मध्ये गिटहबवाल्यांनी 'ॲटम' या एडिटरसाठी एक सांगाडा बांधला, तोच पुढे 'इलेक्ट्रॉन' झाला. वेबसाइट लिहायची, तिच्याबरोबर अख्खं क्रोमिअम बांधून द्यायचं, झालं ॲप. स्लॅक तसंच, डिस्कॉर्ड तसंच. विंडोजवरच्या व्हॉट्सॲपचं अस्सल, हलकं ॲप तयार होतं, चांगलं चालत होतं. २०२५ मध्ये कंपनीने ते बाजूला सारून पुन्हा वेबव्ह्यूच्या वेष्टनातलं ॲप लोकांच्या माथी मारलं. एकच कोड सगळीकडे चालतो, प्रोग्रामर कमी लागतात, कंपनीचा पैसा वाचतो. तो पैसा कुठून येतो? तुमच्या रॅममधून. प्रोग्रामरचा पगार वाचावा म्हणून घराघरातल्या माणसाने मेमरी विकत घ्यायची, हा व्यवहार मला मंजूर नाही आणि तुम्हीही तो मुकाट मंजूर करू नका. व्हॉट्सॲप दिवसभर उघडं लागत नसेल तर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मधून त्याला काढा. तिथली यादी वाचताना बाकीचीही बरीच बिनबोलावलेली मंडळी सापडतील: प्रिंटरचा मदतनीस, गेमांचे लाँचर, लॅपटॉपबरोबर आलेला कंपनीचा 'केअर' प्रोग्राम.

आता असा एक नमुना सांगतो, जिथे यादीत कुणीच दोषी दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंकडे आठ जीबीचा डेस्कटॉप आहे. काही उघडलेलं नसताना मेमरी अठ्ठ्याऐंशी टक्के. दुकानदाराने आणखी आठ जीबी सांगून ठेवले होते. आम्ही प्रोसेसची यादी मेमरीच्या रकान्यावर लावून वरून खाली बेरीज करत गेलो, तर ती अडीच-तीन जीबीच्या पुढे जाईना. वापर सात जीबी आणि हिशेब तिनाचा. उरलेले चार गेले कुठे? 'परफॉर्मन्स'च्या पानावर तळाशी बघितलं: नॉन-पेज्ड पूल ३.६ जीबी.

हा आकडा घरगुती मशिनवर साधारणपणे काहीशे एमबीत असतो. नॉन-पेज्ड पूल म्हणजे विंडोजच्या गाभ्याने आणि ड्रायव्हरांनी धरलेली, डिस्कवर कधीच ढकलता न येणारी मेमरी. ती कुठल्याच प्रोग्रामच्या नावावर चढत नाही, म्हणून यादीत दिसत नाही. तो आकडा गिगाबाइटांत गेला की समजायचं, कुठलातरी ड्रायव्हर मेमरी घेतोय आणि परत करायला विसरतोय. रोज थोडी थोडी.

काकू म्हणाल्या, ''अरे, पण मी रोज रात्री न चुकता शट डाऊन करते.'' खरं होतं. मग त्यांना 'सीपीयू'च्या पानावरचा 'अप टाइम' दाखवला. यंत्र सलग तीन आठवड्यांहून जास्त चालू असल्याची तिथे नोंद. ''म्हणजे माझं बंद करणं खोटं?'' त्यांनी विचारलं. अर्धं खोटं, काकू. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाऊन म्हटलं की तुमचे प्रोग्राम खरोखर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे गोठवून ठेवले जातात आणि सकाळी वितळवले जातात. गळती झालेली मेमरी त्यांच्याबरोबर परत येते. 'रिस्टार्ट' केलं तरच सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं. नाव ऐकून उलटं वाटतं, पण काम असंच चालतं. रिस्टार्ट केलं. टक्का चाळिशीच्या घरात उतरला.

रिस्टार्टने गळती थांबत नाही, साचलेलं फक्त निघून जातं. चोर पकडायला मायक्रोसॉफ्टचंच 'पूलमॉन' नावाचं साधन आहे, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या संचात येतं. काळ्या खिडकीत ते एक यादी दाखवतं. गाभ्यातून मेमरी उचलणारा प्रत्येक जण तिच्यावर सहसा चार अक्षरी खूण मारतो, त्या खुणांची ही यादी. पी दाबून नॉन-पेज्ड तेवढ्या ठेवायच्या, बी दाबून बाइटांप्रमाणे लावायच्या. सगळ्यांत वर जी खूण आकडा वाढवत बसलेली असते, ती टिपून घ्यायची आणि विंडोजच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरात 'फाइंडएसटीआर'ने शोधायची. काकूंकडे ती सापडली नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. गेम खेळणाऱ्यांसाठी इंटरनेट वेगवान करतो म्हणणारा ड्रायव्हर. त्या घरात गेम कुणी खेळत नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवला, तो वेगवाला प्रोग्राम काढून टाकला. नॉन-पेज्ड पूल तेव्हापासून दोन-अडीचशे एमबीवर आहे. जास्तीची आठ जीबी घातली असती तर हाच त्रास थोड्या उशिराने पुन्हा सुरू झाला असता, एवढाच फरक.

पूलमॉन जड वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'रॅममॅप' फुकट उतरवा. कुठल्या खात्यात किती मेमरी पडलीय, ते एका पानावर दिसतं. सिसइंटर्नल्स उभं करणाऱ्यांपैकी एक मार्क रुसिनोविच. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. मेमरी साफ करण्याचा दावा करणारे प्रोग्राम भूलथापा आहेत, हे या माणसाने फार पूर्वी सविस्तर लिहून दाखवलंय.

तरी ते क्लीनर विकले जातातच. त्यांचं काम इतकंच: चालू प्रोग्रामांनी वापरात ठेवलेली पानं एका फटक्यात बाहेर काढायची. टक्का खाली येतो, बरोबरची हिरवी खूण झळकते, गिऱ्हाईक खूश. मग त्याच प्रोग्रामांना तीच पानं लगेच लागतात आणि ती परत आत ओढताना मशीन आधीपेक्षा हळू होतं. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, विंडोज स्वतःच न वापरलेली पानं दाबून रॅममध्येच छोटी करून ठेवतं. क्लीनर त्या व्यवस्थेतही लुडबुड करतो. असला प्रोग्राम असेल तर आज काढा.

दुसरा घातक सल्ला पेज फाइल बंद करण्याचा. 'कमिटेड'मध्ये तिरक्या रेघेने तोडलेले दोन आकडे असतात. डावीकडे प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी, उजवीकडे कबूल करता येईल अशी कमाल मर्यादा. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. पेज फाइल काढली की मर्यादा खाली येते, आणि रॅममध्ये जागा शिल्लक दिसत असतानाही 'मेमरी अपुरी' म्हणत प्रोग्राम कोसळतात. मुलीचा प्रोजेक्ट सेव्ह न होता जातो तो असा. पेज फायलीचा आकार विंडोजलाच ठरवू द्या. 'एमएसकॉन्फिग'मध्ये जाऊन 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण करा म्हणतात, तेही करू नका. त्याने मेमरी वाढत नाही, चुकीचा आकडा भरला तर आहे तीही विंडोजला दिसेनाशी होते. कुणी आधीच करून ठेवलं असेल तर खूण काढा.

व्हायरस असू शकतो का? असू शकतो. मोनेरो हे चलन चोरून खोदणारे प्रोग्राम वेगात चालायला दोन जीबीच्या वर मेमरी घेतात, पण ते प्रोसेसरलाही घाम फोडतात. पंखा गरगरतो, ते लपत नाहीत. विंडोज सिक्युरिटीचं पूर्ण स्कॅन एकदा चालवा आणि पुढे व्हा.

आता ज्यांना रॅम खरोखरच लागते, त्यांच्याविषयी. चार जीबीच्या मशिनवर वरचं सगळं करूनही दम निघत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि लाखो घरांना विंडोज ११ कडे ढकललं गेलं. त्याची कागदावरची किमान अट चार जीबी. चार जीबीत ते सुरू होतं, हे खरं. पण त्यावर ब्राउझर, मुलांचा ऑनलाइन क्लास आणि एक वर्ड फाइल उघडून काम करून दाखवा. अशा मशिनवर आठ जीबी करणं हा चैनीचा खर्च नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्तीही बघा, मराठी टायपिंग तिथे उत्तम चालतं. ब्राउझरची भूक मात्र तिथेही तीच.

दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. दोनपैकी एक भरलेला असेल तर दुसऱ्यात घालता येईल. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीहून आखूड. एवढं लिहून न्या.

आणि नवा लॅपटॉप घेणार असाल तर एक प्रश्न पैसे मोजायच्या आधी विचारा: रॅम बोर्डावर डाख लावून चिकटवलेली आहे की काढता येते? पातळ लॅपटॉपांत ती सर्रास चिकटवलेली असते. त्यात स्लॉट नसेल, तर आज घेतलेले आठ जीबी शेवटपर्यंत आठच राहणार. खोक्यावर रंग छापतात, वजन छापतात, स्क्रीनचा आकार ठळक छापतात. ही ओळ तेवढी मला ठळक छापलेली कुठे दिसली नाही. कंपन्यांनी ती छापावी. आणि तोवर दुकानदाराने ती बिलावर हाताने लिहून, सही करून द्यावी. लिहून द्यायला तयार नसेल, तर पुढच्या दुकानात जा.